धनी बदलला म्हणजे राज्य आपले झाले काय?

(पांढरकवडा येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

गिरणी कामगार बंधूंनो, जिनिंग-प्रेसिंगमधल्या आयाबहिणींनो, आणि कापसाची गाडी खाली करून इथवर आलेल्या शेतकरी भावांनो,

गिरणीच्या फाटकावर एकजुटीने उभे राहून मालकाला नमवणे हे एक काम. त्यानंतर टेबलावर बसून कराराचे एकेक कलम लिहून घेणे हे दुसरे काम. पहिल्या कामाला छाती लागते, दुसऱ्याला डोळे लागतात. पहिले जिंकून दुसऱ्यात फसलेले कामगार आम्ही पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील.

राज्याचेही तसेच आहे. परका धनी घालवणे हे एक काम, आणि त्याच्या जागी आपले राज्य लिहून काढणे हे दुसरे. आज आम्ही या दोन कामांची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट आपल्या वऱ्हाडाची आहे. पण ती नीट कळावी म्हणून सोबत अमेरिकेची गोष्टही सांगू. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ही दोन्ही कामे १७७६ ते १७८९ या तेरा वर्षांत उरकली. वऱ्हाडाला १८५३ पासून १९६० पर्यंत, म्हणजे एकशेसात वर्षे लागली. एवढी वर्षे का लागली, आणि एवढे होऊनही काय बाकी राहिले, हाच आजचा विषय.

आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर युनियनच्या खोलीत झाले. तेव्हा भाषा साधी राहील, ती गोड मानून घ्या.

फौज त्यांची, बिल आपल्या माथी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. १७६३ साली इंग्रज आणि फ्रेंच यांचे मोठे युद्ध संपले. इंग्रज जिंकला, पण कर्जात बुडाला. फौज त्याने अमेरिकेतच ठेवली आणि तिचा खर्च वसाहतींतल्या लोकांवर टाकायचे ठरवले. १७६५ साली स्टँपाचा कायदा आला. कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, इतकेच काय, पत्त्यांचा डावसुद्धा सरकारी छाप असल्याशिवाय विकता येईना. लोकांनी एकच सवाल विचारला : ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस बसत नाही, त्या पार्लमेंटाने आमच्यावर कर कसा बसवला?

वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला. मग दुसरे कर आले, तेही बहुतेक मागे गेले, पण चहावरचा कर मुद्दाम ठेवला. पैशासाठी नव्हे, हक्क आमचा आहे हे दाखवायला. शेवटी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात लोकांनी जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा कोणाचा होता माहीत आहे काय? ईस्ट इंडिया कंपनीचा. होय बंधूंनो, तीच ती कंपनी!

आता आपल्याकडे या. १८०३ साली नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला, निजामाकडे आला. १८१८ च्या एप्रिलात दुसऱ्या बाजीरावाची उरलीसुरली फौज याच पांढरकवड्याजवळ शिवणीला इंग्रजांनी उधळून लावली. म्हणजे पेशवाईचा दिवा विझता विझता जो भडकला, तो आपल्या या शिवारात. त्यानंतर कंपनीला अडवणारा या बाजूला कोणी उरला नाही.

पुढे कंपनीने निजामाच्या राज्यात एक फौज उभी ठेवली. कंटिंजंट म्हणत तिला. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, आणि पगार द्यायचा निजामाने. निजामाची तिजोरी रिकामी, पगार थकत गेला, थकलेला पगार कंपनीने कर्ज म्हणून खात्यावर मांडला. ही रीत आपल्या ओळखीची आहे. सावकार आधी गळ्यात कर्ज घालतो, मग शेत मागतो. २१ मे १८५३ रोजी हैदराबादेत तहावर सह्या झाल्या. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, आणि त्यासोबत धाराशिव व रायचूर दोआब, कंपनीच्या हाती गेले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही, कारण वऱ्हाडात कापूस होता.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड सोडवायची पुष्कळ खटपट केली. इंग्रजांनी दाद दिली नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने. मेळघाटापासून पैनगंगेपर्यंतचा मुलूख, त्यावरचा माणूस, त्याचा बैल, त्याचा कापूस, सगळे पंचवीस लाखांत!

दोन्हीकडचा हिशेब ताडून पाहा. तिकडे फौजेचे बिल, इकडे फौजेचे बिल. तिकडे लोक बंदरावर जमले. इकडे लोकांना पत्ताच नाही. गहाणखतावर सही निजामाची आणि कंपनीची. शेत गहाण पडताना बैलाला कोणी विचारत नाही, तसे आपल्या पणज्या-खापरपणज्यांना कोणी विचारले नाही.

सभा असेल तर राज्य येते

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचे लोक शूर आणि आमचे लोक भित्रे, असेच ना? मुळीच नाही. फरक शौर्याचा नव्हता, फरक सभेचा होता.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत निवडून आलेल्या लोकांची पहिली सभा १६१९ साली भरली. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा झाली. कर किती, रस्ता कुठून, गव्हर्नरचा पगार किती, यावर दीडशे वर्षे लोक तिथे भांडत होते. भांडताना ते शिकत होते. ठराव कसा मांडावा, विरोधकाचे कसे ऐकावे, हिशेब कसा तपासावा. म्हणून १७७४ साली फिलाडेल्फिया शहरात बारा वसाहतींनी आपले प्रतिनिधी पाठवले तेव्हा त्यांना कोणी नव्याने शिकवावे लागले नाही. ४ जुलै १७७६ ला त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. इंग्रज गव्हर्नर पळाला त्या दिवशी खुर्ची रिकामी पडली, पण सभा रिकामी पडली नाही.

वऱ्हाडात असे काय होते? गावात पाटील होता, पांढरीचे पंच होते, जातीच्या पंचायती होत्या. पण साऱ्या वऱ्हाडाची, सगळ्या जातींची, निवडून दिलेली सभा नव्हती. इंग्रजांनी तर गंमतच केली. त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूखच नव्हता. राज्य त्यांचे, तहसीलदार त्यांचा, जेल त्यांचा, पण मुलूख कागदावर निजामाचा! १९०३ साली कोणालाही न विचारता वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधले. जिल्ह्याचे नावही साहेबाच्या टेबलावर बदलत गेले. आपला जिल्हा आधी वणीच्या नावाने ओळखला जाई, १९०५ साली तो यवतमाळ जिल्हा झाला.

१९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे सभासद जाऊ लागले. पण वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे लोकांनी निवडून दिलेल्या माणसालाही सरकारने पुन्हा आपल्या सहीने नेमायचे, तेव्हा तो सभासद! आणि मत तरी कोणाला? शेतसारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. जिनिंगमध्ये रुई उपसणाऱ्या बाईला मत नाही, साच्यावर उभ्या असलेल्या विणकराला मत नाही. १९३६ साली इंग्रज आणि निजाम यांनी पुन्हा एक करार केला. निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, निजामाचा झेंडा वऱ्हाडात इंग्रजी झेंड्याशेजारी फडकवायची मुभा मिळाली. दोन दोन झेंडे, आणि त्यात आपला एकही नाही!

तरी लोक जागे होत होते. १० जुलै १९३० ला याच जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. अणे आपल्या शेजारच्या वणीचे. समुद्र इथून शेकडो कोस दूर, मिठाचा कायदा मोडायला मीठ आणावे कुठून? म्हणून जंगलाचा कायदा मोडला. ज्या रानात कोलाम, गोंड आणि कुणबी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत आले, त्या रानातल्या गवताला सरकारी परवाना कशाला? बोस्टनचा चहा आणि पुसदचे गवत, वस्तू क्षुल्लक, सवाल तोच : आम्हाला न विचारता हा कायदा केला कोणी?

त्या सत्याग्रहाने इंग्रज लगेच गेला नाही. पण लोक एकत्र बसायला, पुढारी निवडायला, तुरुंगात रांगेने जायला शिकले. तीच आपली पहिली शाळा.

धनी गेला, पुढे काय?

अमेरिकेची लढाई १७८१ साली यॉर्कटाऊनला निकालात निघाली. तिथे शरण आलेल्या इंग्रज सेनापतीचे नाव कॉर्नवॉलिस. तिकडे हरलेला हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि निजाम व मराठे यांना सोबत घेऊन १७९२ साली त्याने टिपूचे अर्धे राज्य हिरावले. तिकडे तेरा जण एक होते म्हणून तो हरला. इकडे एकमेकांच्या मुळावर उठलेले होते म्हणून तो जिंकला. यापेक्षा एकजुटीचा धडा वेगळा काय सांगायचा?

१७८३ ला तह झाला, स्वातंत्र्य पक्के झाले. पण घर लगेच सुरळीत चालले असे समजू नका. तेरा राज्यांनी आपसात जो पहिला करार केला होता तो कच्चा होता. मध्यवर्ती सभेला कर घेण्याचा अधिकारच नव्हता. लढलेल्या शिपायांचा पगार थकला. मॅसॅच्युसेट्स राज्यात कर आणि कर्ज यांखाली शेतकरी चिरडला, कोर्टात जप्तीचे हुकूम निघू लागले. १७८६ साली डॅनियल शेज नावाच्या, स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायाच्या मागे शेतकरी उठले आणि त्यांनी कोर्टे बंद पाडली. धनी गेला तीन वर्षांपूर्वी, आणि शिपाई पुन्हा बंदूक घेऊन उभा! का? कारण पहिले काम झाले होते, दुसरे व्हायचे होते.

तेव्हा १७८७ साली फिलाडेल्फियात पुन्हा माणसे बसली. पंचावन्न जण आले, चार महिने दार लावून भांडले, शेवटी एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. पण सह्या झाल्या म्हणजे कायदा झाला असे त्यांनी धरले नाही. मसुदा प्रत्येक राज्यात निवडलेल्या सभेपुढे गेला, तेरांपैकी नऊंनी मान्य केल्यावर तो लागू झाला. १७८९ साली नवे सरकार बसले. त्यातही लोकांनी हटकले, की सरकारचे अधिकार तर लिहिलेत, आमचे कुठे आहेत? मग १७९१ साली भाषण, सभा, वर्तमानपत्र, धर्म यांच्या मोकळिकीची दहा कलमे जोडावी लागली. आपल्या युनियनच्या भाषेत सांगायचे तर मसुदा फाटकावर वाचून दाखवला, दुरुस्त्या आल्या, त्या घ्याव्या लागल्या.

ज्याचे नाव करारात नाही

इथे थांबून एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे, नाहीतर अमेरिकेचे नुसते गोडवे होतील. ‘सर्व माणसे समान’ म्हणणाऱ्यांच्या शेतावर काळे गुलाम राबत होते. नव्या घटनेत गुलाम हा शब्द कुठे लिहिला नाही, पण जागा मोजताना एका गुलामाला माणसाचे तीन-पंचमांश धरले. मत द्यायला शून्य, मालकाचे वजन वाढवायला तीन-पंचमांश! बाईला मत नाही. ज्यांची मूळची जमीन, त्या आदिवासींना तर टेबलाजवळसुद्धा येऊ दिले नाही.

करारातून वगळलेला हा माणूस आपल्या गोष्टीत कसा येतो, तो धागा कापसाचा आहे. १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारे यंत्र काढले. जिन म्हणतात तेच, ज्याच्यावरून आपल्या जिनिंगला नाव पडले. यंत्राने सरकी झपाट्याने निघू लागली, म्हणून कापसाचा पेरा वाढला, पेरा वाढला म्हणून गुलाम वाढले. त्यांच्या घामाचा कापूस इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांत जाऊ लागला. घटनेत न मिटवलेला हा प्रश्न शेवटी १८६१ साली युद्ध होऊन फुटला. चार वर्षे अमेरिकेचा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तिथला कामगार उपाशी मेला, आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले.

वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्वारीच्या जागी कापूस शिरला, सावकार दारात येऊन पैसे देऊ लागला. १८६५ साली तिकडचे युद्ध संपले, गुलामी कायद्याने मिटली, कापूस पुन्हा वाहू लागला आणि इकडचा भाव कोसळला. भाव गेला, पण सावकाराच्या वहीतला आकडा राहिला. खामगावला १८७० साली कापसासाठी आगगाडीचा फाटा आला. पुढे यवतमाळला मूर्तिजापूरहून छोटी लाईन आली, तीही कापसासाठी आणि तीही विलायती कंपनीची. गाडी रुई घेऊन जायची, कापड होऊन परत यायची. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून गिरणीचे नावही एम्प्रेस. शेत आमचे, कापूस आमचा, हात आमचे, आणि फाटकावर नाव राणीचे! २००२ साली ती गिरणीही बंद झाली.

सात समुद्रापार एका कराराने काही माणसांना वगळले, त्याची झळ वऱ्हाडच्या शेतकऱ्याला लागली. म्हणून आम्ही म्हणतो, करार वाचताना काय लिहिले आहे एवढेच पाहू नका, कोण लिहिलेले नाही ते आधी पाहा. एका गिरणीत आम्ही हे अनुभवले आहे. संप सगळ्यांनी केला, उपास सगळ्यांनी काढले. करार आला तेव्हा मालकाच्या मसुद्यात शब्द होता ‘कायम कामगार’. झाले! बदलीवाला बाहेर, ठेकेदाराचा माणूस बाहेर, जी बाई सहा वर्षे रोजावर काम करत होती ती बाहेर. एका शब्दावर दोन दिवस बैठक अडवली, तेव्हा तो शब्द निघाला.

आपले राज्य आपण कसे लिहिले

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेला. त्याच्याबरोबर निजामाशी केलेला तो पट्टाही गेला. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि प्रत्येक सज्ञान बाई-पुरुषाला मत मिळाले. यात आपण अमेरिकेच्या पुढे गेलो हे अभिमानाने सांगितले पाहिजे. त्यांना जे द्यायला पावणेदोनशे वर्षे लागली ते आपल्या घटनेने पहिल्या दिवशी दिले. अस्पृश्य गणलेला, भूमिहीन, गिरणीतला रोजंदार, सगळ्यांचे मत एक आणि किंमत एक.

पण भाषेचा प्रश्न राहिला. वऱ्हाड आणि नागपूरचे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशात होते. मराठवाडा हैदराबादेत, बाकीचा मुलूख मुंबई राज्यात. एका भाषेच्या माणसाची तीन सरकारे. आपल्या शेतमजुराला कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि ज्याला कागद वाचून घ्यावा लागतो त्याला कोणीही फसवतो. आम्हा कामगारांना मराठी राज्य हवे होते ते नुसत्या अभिमानासाठी नव्हे. कायदा, कोर्ट, मस्टर, नोटीस आपल्या डोळ्यांनी वाचता यावी म्हणून हवे होते.

हे राज्य कोणी ताटात वाढून दिले नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात हाक उठली. ८ ऑगस्ट १९४७ ला अकोल्याला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूरला करार झाला. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भ वेगळा आणि मुंबई द्विभाषिक असे सुचवले. त्यावर मुंबई पेटली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या, पुढे १९५६ मध्येही झाडल्या. शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणगावचे कामगार होते. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले आठ जिल्हे आणि मराठवाडा मोठ्या द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वेळी पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा हे मराठी भाग इकडे आले. तरी लोक थांबले नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडला, आणि १ मे १९६० ला, कामगार दिनी, महाराष्ट्र राज्य झाले.

पहिले काम झाले. आणि दुसरे?

नागपूर करारात लिहिले होते की विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च मिळेल, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा मिळेल, वर्षातून काही काळ सरकार नागपूरला बसेल. शेवटचे तेवढे दिसते. हिवाळ्यात मोटारी येतात, अधिवेशन होते, मोटारी जातात. बाकीचे? १९५६ सालीच घटनेत ३७१ (२) हे कलम आले. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे आणि पैशाची न्याय्य वाटणी, असे त्यात लिहिले. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. अडतीस वर्षांनी! मधे १९८४ साली दांडेकर समितीने मोजमाप करून सांगितले की मागासलेल्या भागांचा अनुशेष मोठा आहे. आणि ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदत संपली, तेव्हा कुठे एक फाटक बंद झाले नाही, कुठे एक मोर्चा आठवत नाही.

कोरडवाहू कापूस तसाच पावसावर. याच यवतमाळचे नाव देशाला कशाने माहीत झाले, तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी. शेज नावाचा तो शिपाई जप्ती थांबवायला कोर्टापुढे उभा राहिला. आमचा शेतकरी एकटाच वावरातल्या झाडाखाली गेला. दोघांत फरक कसला? तोच, जो आम्ही आधी सांगितला. त्याच्यामागे सभा होती. याच्यामागे कोणी नव्हते.

मग करायचे काय?

इथे वेगळा विदर्भ मागणारे भाऊ बसले आहेत, आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्र एक राहावा म्हणणारेही बसले आहेत. बापूजी अण्यांसारखा मोठा माणूस वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा होता, म्हणून तो काही मराठीचा वैरी ठरत नाही. आम्ही एक महाराष्ट्राच्या बाजूचे. पण दोघांनाही आम्ही तेच सांगतो. राज्य एक असो की दोन, ज्याने कलमे वाचली नाहीत आणि हिशेब मागितला नाही, त्याच्यासाठी ते पुन्हा १८५३ च आहे. धनी बदलेल, दावण तीच. आणि बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी माणूस १९५६ पासून एवढेच म्हणतो आहे की आम्हाला विचारा. त्याचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. विचारणे एवढे अवघड का व्हावे?

म्हणून बंधूंनो, सांगण्यासारख्या तीन गोष्टी.

पहिली. नागपूर करार आणि ते ३७१ (२) कलम मराठीत मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक गिरणीच्या, प्रत्येक जिनिंगच्या फाटकाजवळ लावा. पाळी बदलताना एकाने मोठ्याने वाचावे, चार जणांनी ऐकावे. ज्याला वाचता येत नाही त्याचाही तो करार आहे.

दुसरी. गावची ग्रामसभा चुकवू नका. बायांनी तर मुळीच चुकवू नये. नाली, रेशन, पाणी यावर भांडायला लाज वाटू देऊ नका. तिकडच्या लोकांनी रस्त्यावर आणि गव्हर्नरच्या पगारावर दीडशे वर्षे भांडून मगच राज्य घेतले.

तिसरी. युनियनचा कुठलाही मसुदा आला की आधी विचारा, यात कोणाचे नाव नाही? बदलीवाल्याचे आहे काय? ठेक्यावरच्या पोराचे? झाडू मारणाऱ्या बाईचे? ते नसेल तर सहीचा पेन खाली ठेवा. ज्याला तुम्ही आज वगळाल, उद्या मालक त्यालाच तुमच्या जागेवर उभा करील.

वऱ्हाड एकदा न विचारता गहाण पडले. ते सोडवायला एकशेसात वर्षे गेली, आणि शेवटी ज्यांनी सोडवले त्यांत आपल्यासारखे गिरणीत राबणारे हात होते. ते राज्य आता आपल्या नावावर आहे. त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही आपल्याच नावावर आहे. तो येत्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवशी नागपूरला जाऊन मागू या. आठही जुन्या जिल्ह्यांतला गिरणी कामगार आणि कापूसकरी एका रांगेत उभा राहू द्या. फाटकावरची छाती आणि टेबलावरचे डोळे, दोन्ही बरोबर घेऊन चला.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!